भूत आणि भामटा

भयपट वेगळा आणि रहस्यपट वेगळा, हे आमच्या मानोऱ्यात कुणाला पटवून द्यायचं म्हणजे भुताला चप्पल घालायला लावण्यासारखं आहे. अंगावर काटा आला की सगळं 'हॉरर'! "भेव वाटलं ना बाप्पा? मंग हॉररच हाये थे!" या न्यायानं विजेचं बिलसुद्धा हॉररच की!

मी कॉमर्सवाला. मला यातला फरक खतावणीत दिसतो. रहस्यपट म्हणजे उधारीचा व्यवहार. दिग्दर्शक तुमची झोप उसनी घेतो आणि शेवटच्या रिळात पै-पैचा हिशेब देतो. राजा परांजप्यांचा 'पाठलाग' (१९६४) घ्या. बायको वारली, आणि हुबेहूब तशीच बाई 'मी तुमची बायको' म्हणून उभी! पण शेवटी उलगडा होतो आणि खातं जुळतं. भयपटाचं मात्र कायमचं सस्पेन्स अकाउंट. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मधल्या (१९८४) सामरीकडे व्हाउचर मागायची कुणाची छाती आहे?

काही जण 'महल'लाही (१९४९) भुताचा सिनेमा म्हणतात. अहो, ते भूत म्हणजे माळ्याची मुलगी! 'बीस साल बाद'मध्येही (१९६२) शेवटी माणूसच सापडतो. हे रहस्यपटच, फक्त भुताचे कपडे घातलेले.

"पण फरक पडतो काय? तिकीट तेवढंच ना!" असं कुणी म्हणेल. तिकिटापुरता नाही पडत. पडतो तो घरी. पोरीला झटके येतात, घरचे म्हणतात 'बाहेरचं आहे', आणि दवाखान्याऐवजी मांत्रिकाची पायरी चढतात. आजाराला कारण असतं, ते शोधता येतं. म्हणजे गोष्ट सरळसरळ रहस्यपटाची, पण घरचे ती भयपट म्हणून बघत बसतात. तिथे भूत नसतो, भामटा असतो, आणि तो रोख घेतो!

'कारण विचारा' हेच डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं सांगत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या खुनात दोघांना जन्मठेप व्हायला मात्र २०२४ उजाडलं. इतकं लांबलेलं शेवटचं रीळ कुठल्याही सिनेमात चाललं नसतं.

तेव्हा थेटरात खुशाल किंचाळा. पण घरात कुणी लिंबू-मिरच्या घेऊन आला, की पहिल्यांदा त्याच्याकडे पावती मागा. भूत राहील बाजूला, आधी तोच पळेल!