फॉरमॅट मारू का?

२०२५ ची दिवाळी नुकतीच संपली होती. फराळाचे डबे परत करायला म्हणून डोंबिवलीला काकांकडे गेलो आणि तिथे एक वीकएंड गमावून बसलो. म्हणजे गमावला असं तेव्हा वाटलं. आता वाटतं की बरं झालं, कारण एरवी ज्या विषयावर मी नुसता चिडचिड करतो त्यावर थोडं नीट बोलता येईल.

विषय आहे 'फॉरमॅट मारणे'. लॅपटॉप सुरू होत नाही? फॉरमॅट मारा. हळू चालतो? फॉरमॅट. आवाज येत नाही? तेच. आपल्याकडे दुकानात लॅपटॉप टेबलावर ठेवला की पहिला प्रश्न 'काय झालं?' हा नसतोच, 'डेटा पाहिजे का?' हा असतो. गंमत म्हणजे हे बोलणाऱ्यांत आपण, म्हणजे आयटीवालेसुद्धा, आघाडीवर असतो. ऑफिसात सर्व्हर पडला तर दोन दिवस 'रूट कॉज' शोधणारा माणूस घरी आईला फोनवर सांगतो, "अगं तो फॉरमॅट करून टाकू."

तर काकांचा लॅपटॉप. २०१३ साली घेतलेला, तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. आला तेव्हा त्यात विंडोज ८ होतं. काकांना ते आवडलं नाही (तसं कोणालाच आवडलं नव्हतं), म्हणून दुकानदाराने त्यात विंडोज ७ टाकून दिलं. २०१६ मध्ये फुकट मिळत होतं म्हणून विंडोज १० आलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला आणि काकांच्या स्क्रीनवर 'तुमचा पीसी विंडोज ११ साठी पात्र नाही' असं येऊ लागलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे २०१७ नंतरचा प्रोसेसर. काकांनी मला विचारलं, "अरे, पात्र नाही म्हणजे काय? मी परीक्षेला बसलोय का?"

सुरक्षेच्या अपडेट्स वर्षभर वाढवून घ्यायची सोय होती, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. ती करायला पाच मिनिटं लागली असती. पण मी इंजिनीअर ना. म्हटलं, "काका, लिनक्स मिंट टाकू. विंडोजपण राहील, तेपण राहील. रॅमही वाढवून देतो." ४ जीबीची पट्टी मी लॅमिंग्टन रोडवरून आधीच आणून ठेवली होती.

"बॅकअप आहे ना?" मी विचारलं.

"आहे की," काका म्हणाले.

मागचं झाकण उघडलं, बॅटरी काढली, रॅम बसवली, पेनड्राइव्ह लावला, इन्स्टॉल केलं. मध्येच एक भली मोठी सूचना आली, ती न वाचता 'कंटिन्यू' दाबलं. वीस मिनिटांत काम फत्ते. रीस्टार्ट. कंपनीचा लोगो आला, गेला, आणि काळ्या स्क्रीनवर एक ओळ: बूट करण्याजोगं डिव्हाइस सापडलं नाही.

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "झालं का रे?"

काकांना बॅकअपचं पुन्हा विचारलं तेव्हा कळलं की बॅकअप म्हणजे 'सी' ड्राइव्हवरची फाइल 'डी' ड्राइव्हवर कॉपी केलेली. एकाच डिस्कवर. आणि ती फाइल म्हणजे आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत. निवृत्तीनंतरची नऊ वर्षं काका रत्नागिरीपासून इंदूरपर्यंत फोन करकरून, पत्रं लिहून, कोण कोणाचा चुलत आणि कोणाची मुलगी कुठे दिली हे जमवतायत. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यातले निम्मे आज नाहीत. ती माहिती पुन्हा विचारायला कोणी उरलेलं नाही.

त्या क्षणी शेजारचा इंजिनीअरिंगचा मुलगा डोकावला आणि म्हणाला, "काका, फॉरमॅट मारून बघा ना."

मंडळी, लॅपटॉप सुरू होणं ही एक घटना नसते, तो प्रवास असतो. ठाण्याहून डोंबिवलीला स्लो लोकलने जाताना कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर लागतं ना, तसा. आधी फर्मवेअर (ज्याला आपण अजून बायोस म्हणतो) जागं होतं, रॅम वगैरे तपासतं. ते डिस्कवरचा बूटलोडर शोधतं. बूटलोडर कर्नल उचलतो. कर्नल स्वतःबरोबर आणलेल्या छोट्या तात्पुरत्या फाइलसिस्टिममधून खरी डिस्क जोडतो. मग सेवा सुरू होतात, मग ग्राफिक्स, मग लॉगिन. गाडी दिव्याला अडकली असेल तर ठाण्याचा प्लॅटफॉर्म खणून काय उपयोग? आणि गाडी कुठे अडकली हे बहुतेक वेळा स्क्रीनवर लिहिलेलं असतं. आपण वाचत नाही एवढंच.

लोगोसुद्धा आला नाही तर रॅम, बोर्ड, पॉवर असल्या गोष्टी बघायच्या, तिथे सॉफ्टवेअरचा संबंधच नाही. लोगो आला आणि 'डिव्हाइस सापडलं नाही' म्हणाला तर फर्मवेअरला बूटलोडर दिसत नाहीये. 'ग्रब रेस्क्यू' असं दिसलं तर ग्रबचा पहिला तुकडा सापडला, उरलेल्या फाइली सापडल्या नाहीत. कंसात 'इनिटरॅमएफएस' लिहून कर्सर उभा राहिला तर कर्नल आलाय, पण मुख्य पार्टिशन सापडत नाही किंवा ते तपासून घ्यायला लागणार आहे, बऱ्याचदा एक एफएसके चालवलं की सुटतं. मेनू दिसला आणि त्यानंतर काळोख, तर नव्वद टक्के ग्राफिक्स ड्रायव्हर (हा आकडा माझ्या अंदाजाचा, कुठल्या अभ्यासातला नाही). यातल्या एकाही ठिकाणी पहिला उपाय म्हणून डिस्क पुसायची गरज नसते.

आमची गाडी दुसऱ्या स्टेशनावर अडकली होती. पेनड्राइव्हवरून मिंट चालू केलं, डिस्क दिसली, 'डी' फक्त वाचण्यापुरता उघडला, कुलवृत्तांत जागच्या जागी. तो आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतला आणि फोनवरपण. मग चहा घेतला. हा क्रम महत्त्वाचा आहे, चहा धरून.

मग शांतपणे विचार केला तेव्हा उलगडा झाला. दुकानदाराने २०१३ मध्ये विंडोज ७ टाकताना फर्मवेअर जुन्या 'लेगसी' पद्धतीवर ठेवलं होतं, डिस्कही जुन्या एमबीआर पद्धतीची. मी बॅटरी काढली तेव्हा सेटिंग्ज पुसली गेली आणि लॅपटॉप कारखान्यातल्या मूळ स्थितीवर, म्हणजे यूइएफआयवर गेला. पेनड्राइव्ह त्या पद्धतीने सुरू झाला आणि मिंटने आपला बूटलोडरही त्याच पद्धतीने बसवला. त्या जुन्या फर्मवेअरला एमबीआर डिस्कवरची ती नोंद पटली नाही. आणि ज्या सूचनेवर मी न वाचता 'कंटिन्यू' दाबलं होतं, ती नेमकं हेच सांगत होती: या मशीनवर आधीची सिस्टिम जुन्या पद्धतीने बसवलेली दिसते, पुढे गेलात तर ती नंतर सुरू करणं कठीण जाईल. एफ-२ दाबून सेटिंग पुन्हा लेगसी केलं. विंडोज जसंच्या तसं उभं राहिलं. त्याला काहीही झालं नव्हतं. फॉरमॅट मारला असता तर एक पूर्ण धडधाकट सिस्टिम आणि नऊ वर्षांचं काम पुसून 'दुरुस्त केलं' म्हणालो असतो.

मग पेनड्राइव्ह लेगसी पद्धतीने चालू केला आणि त्यातल्याच बूट रिपेअरने ग्रब पुन्हा बसवला. पुढच्या स्टेशनावर ग्राफिक्सचा काळोख आला. मेनूवर 'ई' दाबून कर्नलच्या ओळीत 'नोमोडसेट' लिहिलं की काम होतं, मग आत जाऊन ड्रायव्हर नीट करायचा. रात्री साडेदहाला दोन्ही सिस्टिम चालू. शेवटची कल्याण-ठाणे धावपळ नको म्हणून तिथेच झोपलो.

सकाळी काकांची हाक. "अरे, तेच आलं परत!"

खरं सांगतो, त्या वेळी माझ्याही तोंडावर 'फॉरमॅट' हा शब्द आला होता. पण फर्मवेअरमध्ये गेलो तर तारीख १ जानेवारी २०१२. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल मेलेला, लॅपटॉपची मुख्य बॅटरीही कधीच गेलेली, आणि काका झोपण्यापूर्वी शिस्तीने भिंतीवरचं बटण बंद करतात. चाळीस वर्षांची सवय. रात्री वीज तुटली की सेटिंग्ज पुसली, की पुन्हा यूइएफआय. मग कळलं की गणपतीच्या सुमाराला असंच एकदा झालं होतं आणि एका दुकानाने लॅपटॉप दोन दिवस ठेवून 'हार्ड डिस्क जायला आलीय, नवीन घ्या' असं सांगून परत दिला होता. फडके रोडजवळच्या एका घड्याळजीकडे सीआर २०३२ सेल मिळाला. किंमत सांगत नाही, नवीन लॅपटॉप घेतलेल्यांना त्रास होईल.

आता माझं मत. तुमचं वेगळं असू शकतं.

दुकानदारांना नुसतं झोडपण्यात अर्थ नाही. फॉरमॅटला ठरलेला वेळ लागतो, ठरलेले पैसे मिळतात. निदान करायला दोन तास घालवले आणि शेवटी सेल बदलला तर गिऱ्हाईक म्हणणार, "सेल बदलायचे एवढे पैसे?" आपण शोधण्याचे पैसे द्यायला तयार नसतो, बदलण्याचे देतो. डॉक्टरकडेही गोळी न देता नुसता सल्ला मिळाला तर फी जड वाटते, तसंच.

पण आपलं काय? आपल्याला हे येतं. आणि तरीही आपण दोन टोकांनी चुकतो. एकतर नातेवाइकांना "जुना झालाय, टाकून द्या" सांगतो, नाहीतर माझ्यासारखं उत्साहाने लिनक्स टाकून सोमवारी ऑफिसला पळतो. जुन्या लॅपटॉपवर नवी सिस्टिम टाकणं हे झाड लावण्यासारखं आहे, फोटो काढून निघून गेलं की जगत नाही. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर सिक्युअर बूट चालू असलेल्या कित्येक लोकांचं शेजारी बसवलेलं लिनक्स सुरूच होईना. त्यांनी स्वतः काही केलं नव्हतं, आणि मायक्रोसॉफ्टकडून कायमचा उपाय यायला मे २०२५ उजाडला. असं झालं की फोन तुम्हालाच येणार. तो घ्यायची तयारी नसेल तर टाकू नका. मी स्वतः नीट विचार केला असता तर काकांना वर्षभराची मुदतवाढ घेऊन दिली असती आणि तेवढ्यात हे सगळं सावकाश केलं असतं.

शिवाय काकांचा कुलवृत्तांत जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. मिंटमध्ये फाइल उघडली तर आमचे मूळपुरुष चक्क रोमन अक्षरं आणि उद्गारचिन्हांच्या रूपात अवतरले. म्हणून विंडोज तूर्त ठेवलंय, इंटरनेट तोडून, फक्त त्या फाइलसाठी. बाकी बँक, मेल, नाटकाची तिकिटं सगळं मिंटमध्ये. युनिकोडमध्ये बदलायचं काम दर रविवारी थोडं थोडं चालू आहे. कन्व्हर्टर ऱ्ह आणि र्‍य वर अडखळतो, त्यामुळे प्रत्येक पान डोळ्याखालून घालावं लागतं. एकशे चाळीस पानांपैकी बावीस झाली आहेत. पाचव्या पिढीपर्यंत आलोय.

रविवारी निघताना काका दारापर्यंत आले. "एक सांग," म्हणाले, "रात्री बटण बंद करू ना?"

"करा हो काका. आता करा."