पेट्रोलचा ऑक्टेन अंक: गरज किती, समजूत किती?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात या इंधनाविषयी वाहनधारकांमध्ये असलेली अस्वस्थता उघडपणे पुढे आली. जुन्या मोटारींचे मायलेज घटते, इंधनमार्गातील रबरी भाग लवकर खराब होतात, अशा तक्रारी विविध राज्यांतून ऐकू येऊ लागल्या. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू मंत्रालयाने त्यावर सविस्तर खुलासा केला. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय खुला ठेवावा, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळून लावली. न्यायालयीन पातळीवर हा प्रश्न मागे पडला असला, तरी पेट्रोल पंपावर उभ्या असलेल्या सामान्य ग्राहकापुढील संभ्रम मात्र कायम राहिला आहे.

या संभ्रमाच्या केंद्रस्थानी आहे तो ऑक्टेन हा शब्द. मिश्र इंधनाचा ऑक्टेन अंक अधिक असल्याचे सरकार सांगते. तेल कंपन्या ९५ आणि १०० ऑक्टेनचे पेट्रोल अधिक दराने विकतात. आणि जास्त पैसे मोजून घेतलेल्या पेट्रोलने गाडी अधिक वेगाने धावते, अशी अनेकांची समजूत असते. कारखान्यातून जशी आली तशीच, कोणताही फेरबदल न केलेली मोटार वापरणाऱ्या कुटुंबाला या आकड्यांचा नेमका काय उपयोग, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

ऑक्टेन अंक म्हणजे काय?

ऑक्टेन अंक हा इंधनातील ऊर्जेचा किंवा शुद्धतेचा निर्देशांक नव्हे. सिलिंडरमधील दाब आणि उष्णता वाढत असताना पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटण्यास किती विरोध करते, एवढेच हा अंक सांगतो. पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण पिस्टन दाबतो आणि योग्य क्षणी स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते. ज्योत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पसरत असताना अद्याप न जळलेल्या मिश्रणावरील दाब व तापमान वाढत जाते. हे मिश्रण ज्योत पोहोचण्यापूर्वीच एकाएकी पेटले, की धातूवर हातोडी मारल्यासारखा टकटक आवाज येतो. गॅरेजच्या भाषेत यालाच इंजिन नॉकिंग करणे म्हणतात. असे दीर्घकाळ होत राहिल्यास पिस्टन आणि बेअरिंग यांचे नुकसान होऊ शकते.

हा अंक ठरवण्यासाठी दोन प्रमाण द्रव्ये वापरली जातात. आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला शून्य अंक देण्यात आला आहे. दाबाचे प्रमाण बदलता येईल अशा एका सिलिंडरच्या चाचणी इंजिनात जे पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकाच प्रतिकार दाखवते, त्याचा ऑक्टेन अंक ९१ मानला जातो. भारतात आणि युरोपात रिसर्च पद्धतीचा अंक प्रचलित आहे. अमेरिकेत मात्र या अंकाची, अधिक कठोर परिस्थितीत मोजलेल्या मोटर पद्धतीच्या अंकाशी सरासरी काढून ती पंपावर लिहिली जाते. त्यामुळे अमेरिकेतील ८७ हा आकडा भारतातील ९१ च्या आसपासचा ठरतो. परदेशातून परतलेल्या वाहनधारकांचा या दोन मोजमापांमुळे अनेकदा गोंधळ उडतो.

शिशापासून इथेनॉलपर्यंत

ऑक्टेन वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग एकेकाळी शिशाचा होता. अमेरिकन अभियंते थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड या संयुगाचा नॉकिंगविरोधी गुण शोधून काढला आणि पुढील अनेक दशके जगभरातील पेट्रोलमध्ये ते मिसळले गेले. शिशाचे मानवी आरोग्यावर, विशेषतः बालकांच्या मेंदूवर होणारे दुष्परिणाम स्पष्ट झाल्यानंतर त्याला पर्याय शोधणे अपरिहार्य ठरले. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांपासून शिसेविरहित पेट्रोलची सुरुवात झाली आणि फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. अल्जीरियाने २०२१ मध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबवल्यावर मोटारींसाठीच्या या इंधनाचा जगातील अध्याय संपुष्टात आला.

शिसे गेल्यावर ऑक्टेन मिळवण्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांना नव्या प्रक्रिया उभाराव्या लागल्या. ऑक्टेन ही किंमत मोजून निर्माण करावी लागणारी गोष्ट झाली. पेट्रोलियम मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार, पूर्वी देशातील साध्या पेट्रोलचा अंक ८८ होता, नंतर तो ९१ झाला आणि २० टक्के इथेनॉल मिश्रणामुळे तो ९५ पर्यंत पोहोचला. इथेनॉलचा स्वतःचा अंक १०८ च्या पुढे असल्याने ही वाढ होते. ऊस, मका आणि तांदूळ यांपासून तयार होणाऱ्या इथेनॉलमुळे महाराष्ट्रातील साखर उद्योगाचाही या धोरणाशी थेट संबंध जोडला गेला आहे.

अधिक ऑक्टेन म्हणजे अधिक शक्ती नव्हे

ऑक्टेन आणि ऊर्जा या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे सर्वांत ठळक उदाहरण इथेनॉलच आहे. त्याचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच वरचा, परंतु एक लिटर इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. म्हणूनच नीती आयोगाच्या २०२१ मधील अहवालाने, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकी वाहनांत २० टक्के मिश्रणामुळे इंधन कार्यक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज वर्तवला होता. १० टक्के मिश्रणासाठी रचलेल्या आणि २० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींच्या बाबतीत हाच अंदाज १ ते २ टक्के एवढा होता.

उच्च ऑक्टेनचा खरा लाभ इंजिनाच्या रचनेतून मिळतो. संपीडन गुणोत्तर वाढवले किंवा टर्बोचार्जर बसवला, तर त्याच इंधनातून अधिक काम काढून घेता येते. मात्र तसे करण्यासाठी नॉकिंगला तोंड देणारे पेट्रोल लागते. इंजिन अशा रीतीने घडवलेले नसेल, तर केवळ महाग पेट्रोल भरल्याने त्याचे गुणोत्तर बदलत नाही.

आधुनिक मोटारींमध्ये नॉकिंग ओळखणारा संवेदक असतो. इंधनाचा अंक अपेक्षेपेक्षा कमी असल्यास तो ठिणगीची वेळ किंचित मागे घेतो. त्यामुळे इंजिन सुरक्षित राहते, परंतु शक्ती आणि मायलेज काहीसे कमी होतात. याउलट ९१ ऑक्टेनसाठी जुळवलेल्या इंजिनात १०० ऑक्टेनचे पेट्रोल भरल्यास, निर्मात्याने आखून दिलेल्या मर्यादेपलीकडे संगणक ठिणगी पुढे नेत नाही. जादा दिलेले पैसे अशा वेळी धुरावाटे निघून जातात, असे म्हणावे लागेल.

अमेरिकेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. साध्या पेट्रोलवर चालण्यासाठी बनवलेल्या गाड्यांत महाग पेट्रोल भरून तेथील वाहनचालकांनी एका वर्षात २१० कोटी डॉलरहून अधिक रक्कम वाया घालवली, असा निष्कर्ष अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१६ मध्ये काढला होता. ज्या गाड्यांसाठी उच्च ऑक्टेनची केवळ शिफारस आहे, सक्ती नाही, अशा गाड्यांची चाचणी याच संस्थेने २०१७ मध्ये घेतली. त्यात मायलेजमध्ये सरासरी २.७ टक्के आणि शक्तीमध्ये १.४ टक्के एवढीच वाढ आढळली. दरातील फरक भरून काढण्यास ही वाढ पुरेशी नव्हती.

खिशाचा हिशेब

महिन्याला १,००० किलोमीटर धावणारी आणि लिटरला १५ किलोमीटर मायलेज देणारी मोटार गृहीत धरल्यास तिला सुमारे ६७ लिटर पेट्रोल लागते. लिटरमागे ८ रुपये जादा मोजल्यास वर्षाला सुमारे ६,४०० रुपयांचा बोजा वाढतो. हाच फरक लिटरमागे ६० रुपयांचा असेल, तर वर्षाचा जादा खर्च ४८,००० रुपयांच्या घरात जातो. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल बाजारात आणले, तेव्हा दिल्लीतील त्याचा दर साध्या पेट्रोलच्या जवळपास दुप्पट होता. हे इंधन उच्च संपीडन गुणोत्तराच्या महागड्या मोटारी आणि मोटारसायकली यांच्यासाठी आहे. दररोज कार्यालयात ये-जा करणाऱ्या छोट्या मोटारीला त्याचा उपयोग शोधूनही सापडणार नाही.

इथेनॉलच्या धास्तीने काही वाहनधारक महाग पेट्रोलकडे वळले. येथे दोन प्रश्नांची सरमिसळ होते. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हा प्रश्न इंधनमार्गातील रबर, प्लास्टिक आणि धातू त्याला टिकतात की नाही याच्याशी निगडित आहे. ऑक्टेन किती, हा प्रश्न इंजिनातील दाबाशी निगडित आहे. ९५ ऑक्टेन असा फलक असलेले पेट्रोल इथेनॉलविरहित असेलच, असे नाही. शासनाच्या आराखड्यानुसार एप्रिल २०२३ पासूनच्या वाहनांचे भाग २० टक्के मिश्रणास अनुकूल असणे आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनेही त्यानुसार जुळवलेली असणे अपेक्षित होते. त्यापूर्वीच्या वाहनांच्या मालकांनी झीज होणारे रबरी भाग वेळोवेळी तपासून घेणे, हा महाग पेट्रोल भरण्यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे.

अपवाद आणि खबरदारी

निर्मात्याची सूचना हाच या बाबतीतील पहिला आणि शेवटचा आधार आहे. वाहनासोबत मिळालेल्या पुस्तिकेत, तसेच बहुतेक वेळा इंधनटाकीच्या झाकणाच्या आतील बाजूस, आवश्यक किमान ऑक्टेन अंक नमूद केलेला असतो. तेथे ९५ आवश्यक असल्याचे लिहिले असेल, तर काटकसरीसाठी त्याखाली जाणे योग्य नव्हे. टर्बो इंजिनांच्या आणि आयात केलेल्या काही मोटारींच्या मालकांनी हे विशेषत्वाने पाहावे.

योग्य पेट्रोल भरूनही घाट चढताना किंवा भर उन्हाळ्यात पूर्ण भार असताना टकटक ऐकू येत असेल, तर त्याचे कारण बहुधा इंजिनातच असते. ज्वलनकक्षात साचलेला कार्बन, चुकीच्या प्रकारचा स्पार्क प्लग, अपुरे शीतलक किंवा वरच्या गियरमध्ये ओढत नेलेली गाडी यांपैकी काहीही असू शकते. आणखी एक शक्यता भेसळीची. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळल्यास ऑक्टेन अंक झपाट्याने खाली येतो. पंपावर घनतेची आणि गाळणकागदाची चाचणी करून मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे, परंतु तो क्वचितच बजावला जातो.

ग्राहकाने आपल्या गाडीची पुस्तिका वाचावी, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र पुस्तिकेतील आकडा ताडून पाहण्यासाठी पंपावरील आकडाही तितकाच स्पष्ट असावा लागतो. प्रत्येक नळीवर ऑक्टेन अंक आणि इथेनॉलचे प्रमाण ठळकपणे, स्थानिक भाषेत लिहिले गेले, तर अर्धा संभ्रम तेथेच दूर होईल. इंधनाचे धोरण राष्ट्रीय हिताचे असले, तरी त्याची किंमत टाकी भरताना एकेका कुटुंबालाच मोजावी लागते. आपण नेमके काय विकत घेत आहोत, हे जाणून घेण्याचा त्या कुटुंबाचा अधिकार कोणत्याही मिश्रणात पातळ होता कामा नये.