इंग्रजीचे शिक्षक आणि पारपत्राची किंमत

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्या परकीयाला 'ई-२' नावाचा परवाना लागतो. तो देताना उमेदवाराला शिकवता येते की नाही, हा पहिला प्रश्न नसतो. त्याचे पारपत्र कोणत्या देशाचे, हा असतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकाला कोणत्याही विषयातील पदवी पुरते. तो भूगर्भशास्त्र शिकलेला असो वा हिशेबशास्त्र, सेऊलमधील खाजगी शिकवणीवर्गाचे दार त्याला उघडे असते. नायजेरियात, फिलिपीन्समध्ये किंवा भारतात इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ते बंद. दक्षिण आफ्रिकेत घरी इंग्रजी बोलणारे शेकडा दहासुद्धा नाहीत, तरी तो देश यादीत आहे. तेव्हा ही यादी भाषाशास्त्रज्ञांनी केलेली नाही, एवढे तरी उघड आहे.

भारत आणि कोरिया यांच्यात २००९ मध्ये आर्थिक भागीदारीचा करार झाला आणि १ जानेवारी २०१० पासून तो अमलात आला. त्यात आपल्या शिक्षकांसाठी एक झरोका ठेवण्यात आला. भारतीयाने पदवी मिळवलेली असावी, शिवाय इंग्रजी अध्यापनाची रीतसर पात्रता असावी. एवढे असल्यास त्याला शाळेत 'सहायक' इंग्रजी शिक्षक म्हणून घेता येईल! ज्याच्याकडून अध्यापनाचा दाखला मागायचा त्याला सहायक म्हणायचे, आणि ज्याच्याकडून तो मागायचा नाही त्याच्या छायाचित्रावर शिकवणीवर्गाची जाहिरात उभी करायची, असा हा न्याय आहे. आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांना त्यात काही खटकले असल्याचे करारात तरी दिसत नाही.

या न्यायाच्या मागे एक जुने गृहीत आहे. १९६१ मध्ये युगांडातील मकेरेरे येथे राष्ट्रकुलातील देशांची इंग्रजी अध्यापनाविषयी परिषद भरली होती. साम्राज्य आवरते घेतले जात होते, पण त्याची भाषा मागे राहणार होती. आदर्श शिक्षक म्हणजे जन्मतः इंग्रजी बोलणारा, हे मत त्या काळापासून शास्त्रवचनासारखे चालत आले. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ च्या आपल्या 'लिंग्विस्टिक इंपीरियलिझम' या ग्रंथात हे मत भ्रामक ठरवले. वास्तविक त्यासाठी ग्रंथाचीही गरज पडू नये. मराठीत 'अ' आणि 'द' ही उपपदे नाहीत, कोरियनमध्येही नाहीत. मराठीप्रमाणेच कोरियन वाक्यातही क्रियापद शेवटी येते. साताऱ्याच्या शाळेत वीस वर्षे इंग्रजी शिकवलेल्या बाईंना सेऊलमधले मूल नेमके कोठे अडखळेल हे आधीच ठाऊक असते, कारण त्याच ठिकाणी त्या स्वतः अडखळल्या होत्या. जो कधी अडखळलाच नाही, त्याला ती जागा दिसणार कशी?

पण बाजाराला ती जागा दिसण्याची गरज नाही. पालकाला गोरा चेहरा दाखवला की शुल्क वाढवता येते, एवढे त्याला पुरते. थायलंडमधील शाळांत फिलिपिनो शिक्षक मोठ्या संख्येने आहेत. तोच वर्ग, तेच पुस्तक, आणि वेतन मात्र पाश्चात्त्य सहकाऱ्यापेक्षा कमी, ही तेथील नित्याची तक्रार आहे. एकाच कामाला दोन दर ठेवले की दोघांनाही धाकात ठेवता येते, हे गिरणगावाच्या वाचकाला समजावून सांगण्याचे कारण नाही.

वरच्या दरात घेतलेला तरी सुरक्षित असतो काय? जपानमध्ये 'नोव्हा' ही इंग्रजी शिकवणीची सर्वांत मोठी साखळी होती. ऑक्टोबर २००७ मध्ये ती कोसळली. हजारो परदेशी शिक्षकांचे वेतन थकले. अनेकांची राहती घरे कंपनीमार्फतच घेतलेली होती. भाडे वेतनातून कापले गेले, पण ते घरमालकापर्यंत पोहोचले नव्हते. त्यांना घर सोडण्याच्या नोटिसा आल्या. अखेर कामगार संघटनांनी पुढाकार घेऊन, जुन्या विद्यार्थ्यांनी अन्न द्यावे आणि शिक्षकांनी त्या बदल्यात धडे द्यावेत, अशी सोय केली. हे सारे अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाची पारपत्रे खिशात असलेले लोक होते. कोरियात परदेशी इंग्रजी शिक्षकांवर एड्सच्या विषाणूची चाचणी लादली गेली. तेच काम करणाऱ्या कोरियन नागरिकांना आणि कोरियन वंशाच्या परदेशस्थांना ती नव्हती. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने दुसऱ्यांदा चाचणी देण्याचे नाकारले आणि नोकरी गमावली. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २०१५ मध्ये तिच्या बाजूने मत दिले, आणि २०१७ मध्ये ती अट गेली. पारपत्राचे मोल दाराशी असते. आत गेल्यावर शिक्षक हा मजूरच असतो, आणि मजुराला जे मिळते ते लढूनच.

आमच्याकडील शिक्षकाची गत यापेक्षा बिकट आहे, कारण तो निघतानाच एकटा असतो. महाराष्ट्रात 'शिक्षणसेवक' नावाच्या व्यवस्थेत २०२३ मधील वाढीपूर्वी प्राथमिक शिक्षकाला महिना ६,००० रुपये मानधन होते. खाजगी अनुदानित संस्थेत कायम जागा हवी तर 'देणगी'चा आकडा कानात सांगितला जातो. अशा वेळी डी.एड., बी.एड. झालेला तरुण आखाताकडे पाहू लागला, तर त्याला दोष कोण देणार? १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार ज्या कामगाराला परदेशी जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी लागते, त्याचा करार निदान एकदा अधिकाऱ्याच्या डोळ्यांखालून जातो. दहावी उत्तीर्ण झालेल्याला या मंजुरीतून सूट आहे. कागदावर ही सूट म्हणजे सुशिक्षिताचा सन्मान. प्रत्यक्षात मात्र मुंबईच्या दलालाने दाखवलेला करार आणि तेथे पोहोचल्यावर सहीसाठी पुढे आलेला करार यांतील फरक पाहणारे कोणीच उरत नाही. परिचारिकाही सुशिक्षितच होत्या. पण त्यांची लुबाडणूक असह्य झाली तेव्हा २०१५ मध्ये त्यांची भरती सरकारी यंत्रणेच्या कक्षेत आणण्यात आली. शिक्षकांबाबत तसे करण्यात अडचण कोणती? सौदी अरेबियात किंवा अमिरातीत स्वतंत्र कामगार संघटना बांधण्याचा हक्क नाही. म्हणजे संरक्षण मिळायचे ते निघण्यापूर्वी, इथेच.

आता आपल्याच घरातील एका आक्षेपाविषयी. आपले काही ज्येष्ठ मित्र म्हणतील, आपण डॉ. लोहियांचे अनुयायी, इंग्रजीचे सार्वजनिक वर्चस्व हटावे म्हणून आपण रस्त्यावर उतरलो. २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली तेव्हाही आपल्यातल्या अनेकांनी विरोध केला. मग इंग्रजी विकायला परदेशी निघालेल्यांची वकिली आपण का करावी? या आक्षेपात तळमळ आहे, पण तो मला पटत नाही. स्वतः लोहिया बर्लिनला शिकले आणि जर्मन शिकून त्या भाषेत त्यांनी प्रबंध लिहिला. त्यांचा विरोध होता तो एका भाषेच्या जोरावर मूठभरांनी सर्वांवर राज्य करण्याला. कोरियाची सात देशांची यादी ही त्याच राज्याची आंतरराष्ट्रीय आवृत्ती नव्हे काय? इंग्रजीची मक्तेदारी ज्याला खुपते, त्याने त्या मक्तेदारीचा दर ठरवणाऱ्या व्यवस्थेशी भांडावे. त्या व्यवस्थेत खालच्या दराने राबणाऱ्या मास्तराशी नव्हे.

आपल्या शिक्षक संघटनांनी या प्रश्नाकडे अजून पाहिलेले नाही. त्यांच्या दृष्टीने शाळा सोडून परदेशी गेलेला शिक्षक सभासदच राहत नाही. तो राहावा, अशी तरतूद घटनेत करता येईल. निघणाऱ्याचा करार संघटनेच्या कचेरीत वाचला जावा, त्याची एक प्रत तेथे राहावी, आणि तिकडे गेल्यावर दुसरा कागद पुढे आला तर दूतावासाकडे दाद मागताना ती प्रत हाताशी असावी. याला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. एक कपाट आणि आठवड्यातून दोन संध्याकाळ बसणारा एक कार्यकर्ता लागतो.