कटकट: ऐकावी की थांबवावी?

मी वर्गात मराठी शिकवतो, सुट्टीत गळ टाकतो. 'कटकट' दोन्हीकडे भेटते. मासा तंगूस ओढू लागला की रिळाची फिरकी कटकटते, ती मुद्दाम ठेवलेली हाक. ती बंद करू नये. मूठ फिरवताना येणारी कटकट मात्र दुखण्याची. फिरकी काढून मूठ फिरवा. आवाज थांबला, तर दोष फिरकीत किंवा तंगूस वळवणाऱ्या रोलरात. राहिला, तर मोजा. फेऱ्याला एकदाच आला, तर मोठे दातेरी चाक तपासावे. चारपाच वेळा आला, तर तितक्याच पटीने फिरणारा पुढला भाग. रोलरला तेलाचा थेंब, चाकाला ग्रीझ. पण दात झिजला असेल, तर ग्रीझने आवाज दबतो, झीज नव्हे; आणि मोठा मासा लागला की नेमका तोच दात दगा देतो. तेव्हा वाचकहो, कटकट आधी ऐकावी, मग थांबवावी.