वंशावळीतून गळालेला नांगर

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत अलीकडे कुलवृत्तान्त सिद्ध करण्याची हौस वाढली आहे. हौस स्तुत्य आहे; परंतु जी काही पुस्तके आणि हस्तलिखिते माझ्या पाहण्यात आली, त्यांचा पहिला परिच्छेद एकाच साच्यातून काढल्यासारखा असतो. ‘आमचे मूळ पुरुष महादजी शिंद्यांबरोबर उत्तरेत आले.’ कोठून आले, कोणत्या गावची कोणती जमीन मागे ठेवून आले, ती नंतर कोणी कसली, तिचा सारा कोणी भरला, याविषयी अक्षर नाही. मूळ पुरुष जणू घोड्यावर बसूनच जन्माला आला! माझे आयुष्य महसूल खात्यात खसरे आणि खतौन्या चाळण्यात गेले, म्हणून हा दोष मला इतरांहून अधिक खुपत असेल. पण दोष आहे, आणि तो केवळ विस्मरणाचा नाही. त्यात शेतीविषयीची लाज आहे.

ही लाज ज्यांच्या छायेत आपण येथे आलो त्यांना तरी होती काय? शिंदे हे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे पाटील. राणोजी १७४५ मध्ये निवर्तले. पुढे जयाप्पा नागोरच्या वेढ्यात १७५५ मध्ये मारले गेले, दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले, जनकोजी आणि तुकोजी १७६१ च्या पानिपतात गेले. सहा वर्षांत एका घरातील चार कर्ते पुरुष! उरले ते पायाने अधू झालेले महादजी. या महादजींनी १७८४ मध्ये पेशव्यांच्या नावे बादशहाची वकील-इ-मुतलकी मिळवली, दिल्लीचा कारभार हाती घेतला, आणि तरीही स्वतःस ‘पाटील’ म्हणवून घेण्यातच धन्यता मानली. पाटीलबावा हे नाव कोणा शत्रूने कुचेष्टेने दिलेले नव्हे.

आपल्याकडे याचा अर्थ काय लावला जातो? नम्रता. त्यास जोड म्हणून पेशव्यांचे जोडे सांभाळण्याची कथा सांगितली जाते, आणि पुण्याच्या दरबारात महादजींनी बगलेतून जोडे काढल्याचा प्रसंग तर प्रत्येक वक्त्याच्या जिभेवर असतो. मला ही नम्रतेची उपपत्ती मुळीच पटत नाही. महादजींसारखा मुत्सद्दी केवळ विनयापोटी एक पदवी जन्मभर मिरवीत नाही. सरंजाम म्हणजे काय? सरकारच्या मर्जीने मिळालेला, फौज ठेवण्यासाठी तोडून दिलेला मुलूख. मर्जी फिरली की जप्ती. पाटीलकी हे वतन. ते बापाकडून मुलाकडे जाणारे, मानपानासह विकता-गहाण ठेवता येणारे, गोतसभेपुढे सिद्ध करता येणारे. दिल्लीची मुखत्यारी ही चाकरी होती, कण्हेरखेड ही मालकी होती. पाटीलबावांना हा फरक नेमका कळत होता.

शंका असेल त्यांनी ३० डिसेंबर १८०३ चा सुर्जी-अंजनगावचा तह पाहावा. असई आणि लासवारी येथे पराभूत झालेल्या दौलतरावांनी गंगा-यमुनेचा दुआब सोडला, भडोच सोडले, अहमदनगरचा किल्ला सोडला. आणि याच तहात इंग्रजांकडून परत मागून घेतले काय? चांभारगोंदे, जामगाव, वाई-पुण्याकडील काही खेडी. घराण्याकडे फार दिवसांपासून असलेली दख्खनमधील गावे म्हणून ही नावे तहात एकामागून एक लिहिली आहेत. दुआबाच्या वसुलापुढे या खेड्यांचे मोल ते काय! तरीही ज्या दिवशी साम्राज्य हातचे गेले त्याच दिवशी गावांची यादी करून घेण्याचे भान त्या दरबारास होते. हा तह मी अनेक व्याख्यानांतून ऐकला. या यादीचा उल्लेख एकदाही ऐकला नाही.

कोणी म्हणेल, पाटीलकी म्हणजे शेती नव्हे. पाटील गादीवर बसे, राबे कुणबी. आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. मिरासदार आणि उपरी यांच्यातील अंतर, बलुतेदारांचे कष्ट, महारांकडून घेतली जाणारी वेठ, हे सारे त्या व्यवस्थेत होतेच. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ सालचा. ग्रंथकार माझ्याच खात्यातले असल्यामुळे मला त्यांचा किंचित अभिमानही आहे. त्यांनी वतनदारांची गय केलेली नाही. परंतु यावरून निष्कर्ष कोणता निघतो? कुलवृत्तान्तात शेत यावे आणि त्यात राबणाराही यावा, हाच. राबणारा लिहावा लागेल म्हणून शेतच वगळावे, ही पळवाट झाली.

शिवाय पूर्वीची शिलेदारीदेखील शेतापासून तुटलेली नव्हती. दसऱ्यास सीमोल्लंघन, म्हणजे खरिपाचे पीक हाती लागू लागल्यावर मुलूखगिरी. आणि मृगापूर्वी घराकडे तोंड. घोडा आणि बैल एकाच पंचांगावर चालत. डी बॉईनच्या कवायती पलटणी उभ्या राहिल्या, बारमाही पगारी फौज आली, तेव्हा हे पंचांग मोडले. १८१० च्या सुमारास दौलतरावांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी कायमचा स्थिरावला आणि शहराचे नावच लष्कर पडले. तळावर राहणाऱ्यास धान्य पोत्यातून दिसते, शिवारातून नव्हे. आमच्या पूर्वजांचे शेताशी नाते तेथे सुटले असावे, असे मला वाटते.

याची किंमत आपण १९५१ मध्ये मोजली. मध्य भारतात जमीनदारी आणि जागिरी यांच्या निर्मूलनाचे कायदे त्या वर्षी झाले. जागीर गेली, वसुलाचा हक्क गेला. राहिली ती खुदकाश्त, म्हणजे स्वतः कसलेली जमीन. ज्याने विहीर खणली, बैल ठेवले, पटवाऱ्यासमोर बांधावर उभा राहिला, त्याच्या नावे काही तरी उरले. जो लष्करात बसून मुखत्यारामार्फत गल्ला मागवीत होता, त्याच्या हाती मोबदल्याचा कागद आला. पुढे १९५९ च्या भूराजस्व संहितेने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यास मौरूसी कृषकाचे हक्क दिले आणि भूमिस्वामी होण्याची वाटही दिली. आपल्या घरांतून आजही ‘सरकारने लुबाडले’ असे म्हटले जाते. मी असे वारस पाहिले आहेत, ज्यांना सात पिढ्यांची नावे मुखोद्गत होती. चतुःसीमा विचारली की ते शेजारच्या कास्तकाराकडे पाहत. कायद्याने त्या कास्तकारास जमीन दिली, यात मला अन्याय दिसला नाही.

आणि जे भाऊबंद मागे देशावर राहिले, त्यांचे काय? हॅरल्ड मान यांनी १९१७ मध्ये पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे १७७१ मध्ये सरासरी धारणा ४० एकर होती, १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली. कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्राची सरासरी धारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर. आपण वंशावळीत ज्या शाखांपुढे ‘निर्वंश’ किंवा ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहितो, त्यांतील किती शाखा याच आकड्यांत एकर-दोन एकरांवर जगत असतील? त्यांना पत्र टाकण्याचे कष्ट किती जणांनी घेतले? बडोद्याचे लोक सयाजीराव महाराजांविषयी सांगताना कवळाण्याच्या शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक आला, हे अभिमानाने सांगतात. आपल्याकडे १८२७ चे जनकोजीराव आणि १८४३ चे जयाजीराव हेही दत्तकच होते. त्यांच्या जन्मदात्या घराची गोष्ट कोणी करीत नाही.

स्त्रियांविषयी तर बोलूच नये. वंशावळीत त्या नसतात, आणि असल्या तर ‘कन्या १’ अशा असतात. जुन्या महसुली दप्तरांत मात्र त्या भेटतात. नवरा मोहिमेवर पडला की सारा भरणारी, भाऊबंदांच्या दाव्यास उत्तर देणारी ‘बेवा अमुक’ तेथे नावानिशी नोंदलेली असते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीस वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला; कुलवृत्तान्ताच्या पानावर तिला जागा द्यायला कोणता कायदा आडवा येतो?

आपल्या बैठका ज्या पेठेत होतात, ती पाटणकरांच्या नावाने ओळखली जाते. पाटण हे कोयनेच्या काठचे गाव. आडनाव गावाचे, गाव शिवाराचे. पण बाजारातून जाता-येता हे कोणाच्या मनात येते?

तेव्हा कुलवृत्तान्त लिहिणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की प्रारंभ सनदेपासून करू नका. मूळ गावचा सातबारा आणि जुने फेरफार मिळवा, इकडची मिसल बंदोबस्त काढा, पोथ्यांच्या पेटीतले मोडी रुमाल सोडा. मोडी लावणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि कसरीस वतनपत्र व किराणा हिशेब यांतला फरक कळत नाही. ज्यांच्याकडे असा एखादा रुमाल असेल, त्यांनी तो पुढच्या बैठकीस पाटणकर बाजारात घेऊन यावा. सनद घरी राहिली तरी चालेल.