पुरुमेंत आणि पाच रुपयांची पुडी

मे महिना आला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुरुमेंताची गर्दी उसळते. सुक्या मिरच्या, कांद्याच्या माळा, भिरंडाची सोलां, चिंच, मीठ, सुके बांगडे. पावसाळ्यात घराला काय आणि किती लागेल याचा हिशेब घरची बाई बोटांवर करायची आणि सारे एकदाच भरून ठेवायची. शब्द पोर्तुगीज असला तरी रीत आपलीच झाली. पैसा कमी होता, पण तो कुठे गेला हे घरात सगळ्यांना ठाऊक असे.

आज आपली मुले शाळेच्या वाटेवर रोज पाच-दहा रुपये खर्च करतात. एक पुडी, कधी एक गोड बाटली. हा हिशेब मात्र कुठल्याच वहीत उतरत नाही.

पालकहो, केंद्र सरकारची २०२२-२३ ची घरखर्चाची पाहणी वाचण्यासारखी आहे. देशातल्या ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा १९९९-२००० साली ५९ टक्के होता, तो २०२२-२३ मध्ये ४६ टक्क्यांवर आला. हे सुधारणेचेच लक्षण. कमाई वाढली की अन्नावरच्या खर्चाचा वाटा घटतो, हे एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवले होते. पण त्या अन्नात काय आहे? तृणधान्यांवर ५ टक्क्यांहून थोडे कमी, आणि पेये, तयार व प्रक्रिया केलेले पदार्थ यांवर साडेनऊ टक्के. यात चहा आणि बाहेरचे जेवणही धरले आहे, रेशनचे फुकट धान्य मात्र धरलेले नाही, हे सांगायला हवे. तरीही कल दिसतोच.

कोलाच्या पाव लिटरच्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मोठ्या माणसाला दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहणे उत्तम म्हटले आहे. मेक्सिकोने २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला. ब्रिटनने २०१८ मध्ये साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला, तेव्हा अनेक कंपन्यांनी आपणहून साखर कमी केली. भिरंडाच्या सरबतातही साखर असते, ती कोण नाकारतो? पण ती घालणारा हात आपल्या घरातला असतो, आणि तो आखडता घेता येतो.

डिचोली तालुक्याला हातातला पैसा अचानक थांबणे म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. २०१२ साली खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये पुन्हा. तेव्हा ज्या घरांत खर्चाला मोजमाप होते ती तगली. पेडण्यात आता उलटा प्रवाह आहे. जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमाने उडू लागली, दुकाने वाढली. हरमलच्या मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तालुक्यातली मुले मात्र कुठल्याशा कारखान्यातल्या तिखट पुडीवर खूश! मला हे खटकते.

संस्थाचालकांसाठी एक मुद्दा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मेद, मीठ वा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. आपल्या फाटकापासून गाडा किती अंतरावर आहे, ते एकदा टेपने मोजू या. गाडेवाल्याचेही पोट त्यावर आहे; त्याला हाकलण्यापेक्षा उकडलेले चणे, केळी, सरबत ठेवायला सांगून पाहावे.

क्रीडादिन आणि स्नेहसंमेलनाला बाटल्यांची खोकी मागवण्याऐवजी गावातल्या महिला गटाकडून सोलकढी घ्यावी. पेले धुवायचे काम वाढेल. ते आठवी-नववीच्या मुलांनी वाटून घ्यावे. आणि विद्यार्थी मित्रांनो, एका महिन्याचा तुमचा खाऊचा खर्च रोज तारखेसह वहीत लिहा. पुढच्या पालक-शिक्षक सभेत, नावे न घेता, वर्गावार बेरीज फळ्यावर मांडू.