दोषाची वाटणी आणि भरपाई

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. तथापि दुचाकींना तेथे मज्जाव असल्याने मावळातील कामगार व विद्यार्थी जुन्याच महामार्गाने वडगाव, कामशेत, लोणावळा गाठतात. तेथे अपघात झाला की विमा कंपनीचा युक्तिवाद बहुधा ठरलेला असतो : जखमीचाही दोष होता. नुकसान १० लाखांचे आणि त्याचा दोष ३० टक्के ठरला, तर हाती ७ लाखच पडतात.

तत्त्व म्हणून हे न्याय्यच आहे. परंतु प्रत्येक नियमभंग हा अपघातास कारणीभूत दोष नव्हे. दुचाकीवर तिघे होते एवढ्याच कारणाने भरपाई कापता येत नाही. त्यामुळे अपघात घडला वा इजा वाढली, हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तसेच दोन वाहनांच्या दोषाने तिसराच जखमी झाला, तर त्याला संपूर्ण रक्कम कोणाही एकाकडून वसूल करता येते, असा २०१५ चा निर्णय आहे.

उपचारांच्या कर्जाने वाकलेला माणूस तडजोडीच्या कागदावर मुकाट्याने सही करतो. ती त्याची संमती नव्हे, अगतिकता होय. सही करण्यापूर्वी त्याने एवढेच विचारावे : माझा दोष कोणता, आणि त्याने अपघात कसा घडला?